दहा मिनिटं पुढे

थोरलीच्या घरात खरी वेळ किती वाजली हे कुणालाच पटकन सांगता येत नसे, आणि त्याचं कुणाला काही वाटतही नसे. भिंतीवरचं घड्याळ, ओट्याजवळचं घड्याळ, उशाशी ठेवलेला गजर आणि ज्यावर ती दिवसभर शाळेच्या पुस्तकांची पानं छपाईसाठी जुळवत बसायची तो कॉम्प्युटर, सगळे एकजात दहा मिनिटं पुढे. ही तिच्या आईची शिकवण. घड्याळ पुढे असलं की माणसं वेळेवर निघतात, असा आईचा हिशोब. माणसं कसली निघतात! घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं की दहा वजा करायचे. सगळे निवांत वजा करत आणि शाळेला, लग्नाला, गाडीला नेहमीप्रमाणे उशिरा पोचत. पण आईनं शेवटपर्यंत घड्याळं मागे घेतली नाहीत आणि तिच्या पश्चात मुलींनीही घेतली नाहीत. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

आज मात्र थोरलीला खरी वेळ हवी होती. अगदी मिनिटाला मिनिट मिळती. तिच्या धाकट्या बहिणीचा जीव त्यावर टांगलेला होता.

धाकटीचा नवरा कॅमेरे विकायचा. दुकानांत, गोदामांत, सोसायट्यांच्या फाटकांवर बसवतात ते कॅमेरे. माणूस गोड. चारचौघांत बायकोला खुर्ची पुढे करणारा. स्वतःच्या घरातही त्यानं हौसेनं कॅमेरे लावले होते: एक बैठकीत, एक स्वयंपाकघरात, एक दारावर. दार उघडलं की त्याच्या मोबाइलवर टिंग वाजायचं, आणि मिनिटाच्या आत घरी फोन. कोण आलं? कुठे निघालीस? कुणाला विचारून? दुकान घरापासून मोटरसायकलवर पाच मिनिटांच्या अंतरावर होतं. गेल्या महिन्यात धाकटीचा हात कोपरापाशी मोडला तेव्हा तो स्वतः तिला दवाखान्यात घेऊन गेला आणि डॉक्टरांना म्हणाला, "बाथरूममध्ये पाय घसरला हो, किती वेळा सांगितलं जपून चाल म्हणून." धाकटीनं मान हलवली. पोलिसांत ती त्याआधीच एकदा जाऊन आली होती. तिथल्या साहेबांनी चहा पाजला, संसारात भांड्याला भांडं लागायचंच म्हणाले आणि तिला घरी सोडायला गाडी दिली. त्या चौकीतले कॅमेरेही तिच्या नवऱ्यानंच बसवलेले होते.

तिचा फोन तो रोज वाचायचा. म्हणून दोघी बहिणी विणकामाच्या एका वेबसाइटवर बोलत. लहान मुलाच्या निळ्या स्वेटरचा नमुना होता, त्याच्याखाली बायका आपापल्या शंका टाकत, त्यात या दोघींच्याही शंका असत. कॅमेरेवाल्यानं एकदोनदा ते पान उघडून पाहिलं आणि जांभई देऊन बंद केलं. लोकरीत काय एवढं बघायचं? गेल्या आठवड्यात धाकटीनं तिथं लिहिलं होतं, "ताई, तिसऱ्या ओळीत चाळीस टाके घ्यायचे ना? पण दोघींच्या सुया एकाच मापाच्या हव्यात. मी नेटवरून माप घेतलंय, तूही तिथूनच घे. नाहीतर बाही चुकेल." थोरलीनं ते वाचलं आणि मनाशी उलगडलं. तीन चाळीस. आणि कॉम्प्युटरचं घड्याळ इंटरनेटच्या वेळेला लाव.

दिवस आणि बाकीचा बेतही अशाच शंकांतून ठरला होता. बेत साधा होता, म्हणूनच भीती जास्त. बरोबर तीन चाळीसला थोरलीनं कॅमेरेवाल्याला फोन लावायचा आणि त्याला बोलण्यात गुंतवून ठेवायचं. फोन कानाला असेपर्यंत तो डोळ्यांसमोर यायचा नाही, आणि टिंग वाजलं तरी चित्र दिसायचं नाही. दोन मिनिटांनी धाकटीनं दार उघडायचं, फोन घरातच ठेवायचा आणि गल्ली ओलांडून शाळेच्या मागच्या रस्त्यावर यायचं. तिथं थोरलीचा नवरा गाडी घेऊन उभा असेल. ती शाळा सुटायची वेळ; पालकांच्या गाड्यांत एक गाडी जास्त आहे हे कोण मोजतंय? तिथून थोरलीला घ्यायचं आणि थेट दुसऱ्या गावी. तिथं एका वकीलबाईंनी धाकटीसाठी जागा बघून ठेवली होती आणि तिचा पत्ता त्या बाईंशिवाय कुणालाही माहीत नव्हता. थोरलीचा फोन सुरू झाला हे धाकटीला कळवायला काहीही मार्ग नव्हता. दोघींच्या मध्ये होतं ते फक्त घड्याळ.

सकाळी थोरली कॉम्प्युटरसमोर बसली. सेटिंगमध्ये जाऊन तिनं 'वेळ आपोआप लावा' हे बटण इतक्या वर्षांत पहिल्यांदा चालू केलं आणि 'आत्ता जुळवा' दाबलं. गोल गोल फिरून उत्तर आलं, वेळ जुळवता आली नाही.

"झालं!" ती म्हणाली. "पहिल्या घासाला माशी!"

तिचा नवरा चष्म्याच्या दुकानाचा मालक. शांत माणूस, गिऱ्हाईक फळ्यावरची अक्षरं चुकीची वाचत असतानाही घाई न करणारा. तो मागे येऊन उभा राहिला. "अगं, ज्याला विचारतेय तो सर्व्हर आज उत्तर देत नसेल. दुसऱ्याला विचार. खाली यादी आहे बघ."

"आणि दुसऱ्यानं चुकीची सांगितली तर?"

"ते सगळे एकाच जागची वेळ सांगतात. मोठमोठ्या प्रयोगशाळांतल्या घड्याळांवरून घेतात. आपला कॉम्प्युटर विचारतो, किती वाजले? उत्तर यायला जो क्षणभर लागतो तोही तो हिशोबात धरतो. तुझ्या आईपेक्षा बरं गणित आहे त्याचं."

एरवी ती हसली असती. तिनं यादीतला दुसरा सर्व्हर निवडला, बटण दाबलं, आणि कोपऱ्यातला आकडा मुकाट्यानं दहा मिनिटं मागे आला. नवऱ्याच्या मोबाइलशी ताडून पाहिलं तर आकडे दोन्हीकडे एकदमच बदलत होते. मग ती स्टुलावर चढली आणि तिनं भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून टाकला. उगाच नजर जायची आणि घोटाळा व्हायचा. ओट्याजवळचं घड्याळ आणि गजर तिनं कपाटात कोंबले. एवढं सगळं तिनं नीट केलं, हे सांगायला हवं. निष्काळजी बाई नव्हती ती.

नवऱ्याचा मोबाइल अलीकडे बोलता बोलता बंद पडायचा, म्हणून निघताना तो तिचा घेऊन गेला. "ती गाडीत बसली की घरच्या फोनवर कळवतो," तो म्हणाला. "तू फक्त बोलत राहा. बोलणं तुला काय अवघड?" ही थट्टा त्यानं तिला धीर द्यायला केली होती. त्याची स्वतःची किल्ली मात्र दाराबाहेर दोनदा हातातून पडली, ते तिनं ऐकलं.

मग घरात ती, फोन आणि कॉम्प्युटर. तीन वाजून गेले. काय बोलायचं ते तिनं शंभरदा घोकलं होतं: ह्यांच्या दुकानात चोरी झाली, दोन भारी फ्रेमी गेल्या, कॅमेरे बसवायचेत. खाली कुणीतरी मोटरसायकल बंद केली की ती खिडकीशी जाऊन बघत होती. तो इथं कशाला येईल आत्ता? पण भीतीला कुठे अक्कल असते? तिनं दाराची कडी दोनदा तपासली, निघायची पिशवी दारापाशी आणून ठेवली, परत येऊन बसली. कोपऱ्यात तीन चाळीस झाले होते.

अजून दहा मिनिटं आहेत, ती मनाशी म्हणाली.

पाणी पिऊन येऊ. ती उठली, दोन पेले पाणी प्यायली, तोंडावर पाणी मारलं, पदरानं पुसलं. आरशात पाहून एकदा हसून बघितलं, कारण हसून बोललं की आवाजही हसरा येतो. ते हसू बघून तिला रडूच आलं. परत येऊन बसली आणि सवयीनं भिंतीकडे बघितलं. घड्याळ बंद. अरेच्चा, बंद का पडलं हे? मग आठवलं, सेल आपणच काढला. का काढला?

तिनं झटकन कोपऱ्यातल्या आकड्याकडे बघितलं. कॉम्प्युटरवर तीन एकोणपन्नास झाले होते, आणि ती खरी वेळ होती. त्यातून काहीही वजा करायचं नव्हतं. ज्या घड्याळाला तिनं सकाळी स्वतःच्या हातानं सुधारलं होतं, त्यातून तिनं जन्मभराच्या सवयीनं दहा मिनिटं काढून घेतली होती.

धाकटी बाहेर पडली असणार. तीन बेचाळीसला तिनं दार उघडलं असणार, ताई बोलतेय या भरवशावर. आणि तो मोकळा, फोन हातात. टिंग वाजलं असेल, त्यानं बघितलं असेल: गळ्यात अडकवलेला हात, खांद्यावर पिशवी. पाच मिनिटांत मोटरसायकल. सगळं होऊनही गेलं असेल. आई गं, मी हे काय केलं? ती मोठ्यानं बोलली ते तिचं तिलाच कळलं नाही.

फोन लावावा की नाही? तो धाकटीसमोर उभा असेल आणि आपला फोन वाजला, तर त्यात आपलाही हात आहे हे त्याला कळेल. पण अजून काही झालं नसेल तर? तिनं नंबर फिरवला. एकदा चुकला. पुन्हा फिरवला.

"बोला ताई!" तिकडून आवाज आला. "आज कशी काय आठवण झाली गरिबाची?"

आवाज नेहमीचाच होता, साखरेत घोळलेला. त्याला कळलंय आणि मुद्दाम गोड बोलतोय? की काहीच कळलेलं नाही? थोरलीनं डोळे मिटले आणि घोकलेलं बोलायला सुरुवात केली. चोरी, फ्रेमी, कॅमेरे. तो हं हं करत होता. मागे दुकानातला पंखा ऐकू येत होता. म्हणजे तो दुकानातच होता.

"किती कॅमेरे लागतील हो भाऊजी?"

"जागा बघावी लागेल ताई. येतो ना संध्याकाळी. हिलाही घेऊन येतो, तेवढंच तुमच्या भेटी..." तो थांबला. तिकडे बारीकसं टिंग वाजलं, थोरलीला स्पष्ट ऐकू आलं. "एक मिनिट हं ताई. घरच्या दाराचा मेसेज आलाय. बघून घेतो."

आत्ता? दार आत्ता उघडलं? धाकटी तर कधीच निघून गेली असायला हवी होती. परत आली की काय? शाळेमागे गाडी दिसली नाही म्हणून मागे फिरली? थोरलीला काही म्हणजे काही उमगेना. एवढंच कळत होतं, की तो आता फोन कानावरून खाली घेणार, आणि तो घेता कामा नये.

"बघा, बघा," ती म्हणाली, आणि पुढचं कुठून सुचलं देव जाणे. "तसंही भाऊजी, ह्यांना तुमच्याकडून घ्यायचेच नाहीयेत. मीच आपली नात्याखातर विचारत होते."

"का बरं?"

"दुसरा एक जण येऊन गेला. तो म्हणाला, तुमचे कॅमेरे म्हणजे रातांधळे. जरा अंधार पडला की म्हैस आणि माणूस एकच. मी आपलं त्याचं सांगितलं हं. मला काय कळतंय त्यातलं?"

बायकोचा हात मोडताना ज्याचा आवाज चढत नव्हता, त्याचा आवाज आता चढला. रातांधळे? कोण म्हणालं? नाव सांगा त्याचं! मग लेन्स निघाल्या, कुठल्या कंपनीची चिप आणि कुठल्या गोदामात त्याच्या कॅमेऱ्यानं अमावस्येला चोराच्या शर्टाची बटणं मोजून दाखवली तेही निघालं. थोरली मध्ये मध्ये तेल ओतत होती. "पण तो तर म्हणाला वर्षभरात काच पिवळी पडते?" की पुन्हा भडका. तिच्या पाठीवरून घामाची धार वाहत होती आणि तोंडानं ती "अगंबाई, हो का?" करत होती. कोपऱ्यातले आकडे बदलत होते. इतका वेळ तिनं आयुष्यात कधी कुणाला स्वतःची स्तुती करू दिली नव्हती.

मग तोच थांबला. "जाऊ द्या. येतो संध्याकाळी, समोरासमोर दाखवतो. थांबा, घरी कोण कडमडलंय ते बघू दे." आणि फोन ठेवला.

थोरली रिसीव्हर छातीशी धरून बसून राहिली. मग लक्षात आलं, आपण फोन अडवून ठेवलाय. तिनं तो दचकून जागेवर ठेवला आणि त्याच क्षणी तो वाजायला लागला.

तिला उचलवेना. तो असेल. पुन्हा फोन करून विचारेल, कुठाय ती? आणि आपली बोबडी वळेल. सहा वेळा वाजला. सातव्यांदा तिनं उचलला.

"बसली," नवऱ्याचा आवाज आला. "पुलापाशी आहोत. मागच्या फाटकाला ये, आत्ताच्या आत्ता."

जिने उतरताना तिला मागे, बंद दाराआड, पुन्हा फोनची घंटा ऐकू आली. या वेळी कोण ते वेगळं सांगायला नको होतं. ती थांबली नाही. तिच्या वयाच्या आणि वजनाच्या बाईनं तीन मजले कसे उतरले हे तिलाही नंतर सांगता आलं नसतं.

गाडी मागच्या फाटकाबाहेर, लाँड्रीच्या आडोशाला उभी होती. मागचं दार उघडून बघते तर सीट रिकामी. मग खालून आवाज आला, "ताई."

धाकटी सीटच्या खाली, पाय ठेवतात त्या जागेत बसली होती. प्लास्टरचा हात पोटाशी, पिशवी मांडीवर, डोकं गुडघ्यांत. थोरली आत शिरली, दार लावलं, आणि चष्मेवाल्यानं, ज्याच्यामागे सगळं गाव हॉर्न वाजवत असतं त्यानं, गाडी अशी काढली की दोघी एकमेकींवर आदळल्या.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. शेवटी धाकटी म्हणाली, "ताई, रागावू नकोस. माझी चूक झाली. मी वेळेवर निघालेच नाही."

"म्हणजे?"

"दहा मिनिटं उशिरा निघाले. तिथल्या कॉम्प्युटरचं घड्याळ मी पहिल्यापासून दहा पुढे ठेवलं होतं. आपल्या घरच्यासारखं. त्या घरात तेवढंच माझ्या मनासारखं होतं गं. त्याच्या कधी लक्षात आलं नाही, तो आपला लॅपटॉप वापरतो. गेल्या आठवड्यात नेटवरून बरोबर लावलं, पण आज बसल्या बसल्या..." ती अडखळली. "चाळीस झाले आणि मी म्हटलं, अजून वेळ आहे. दार उघडून बाहेर पडले आणि गल्लीत आल्यावर कळलं. परत फिरायलाही पाय उचलेना. म्हटलं, ताईचा फोन संपला असेल. आता तो येणार. प्रत्येक मोटरसायकलला वाटायचं, आलाच. तू इतका वेळ त्याला धरून ठेवलंस कसं?"

थोरलीला हसावं की रडावं कळेना. इंटरनेटनं दोघींना मिनिटाला मिनिट खरी वेळ दिली होती, आणि दोघी लेकींनी ती आईच्या हिशोबानं मोडून टाकली होती. एकीनंच वजा केले असते तर? बेत ठरला होता तशी एकच जण वागली असती तर? तो विचार तिच्यानं पुरा करवेना.

"मी पण वजा केले," ती म्हणाली.

धाकटीनं मान वर करून बघितलं. आधी तिला कळलं नाही, मग कळलं, आणि तिचा चेहरा असा झाला की ती हसतेय की काय असं वाटावं. पण ती हुंदकेच देत होती. पुढच्या सीटवर चष्मेवाला खाकरला आणि त्यानं आरसा उगाचच नीट केला.

गाव मागे पडलं. घरं विरळ झाली, दोन्ही बाजूंना नुसती मोकळी जमीन आली. "आता वर बस," थोरली म्हणाली. "आता कोण बघणार आहे? पाठ दुखेल तुझी."

"इथंच बरं आहे."

"अगं, कुणी नाहीये रस्त्यावर."

"माहीत आहे," धाकटी म्हणाली, पण हलली नाही. "तू बस नीट. मी बसते थोडा वेळ अशीच."

थोरलीनं एकदा मागच्या काचेतून बघितलं. लांबवर एक ट्रक होता, बाकी काही नाही. तिनं पदर खोचला, सीटला धरून एक गुडघा वाकवला, मग दुसरा, कळ आली ती गिळली, आणि कशीबशी खाली सरकून बहिणीशेजारी त्या अरुंद जागेत जाऊन बसली. धाकटीनं चांगल्या हातानं तिचं मनगट धरलं. मागून एखादी गाडी जवळ येऊन पुढे गेली की ती पकड आवळायची, आणि आवाज दूर गेला की थोडी सैल व्हायची.